महाबळेश्वरचे हवामान: कोणत्या ऋतूत काय मिळते आणि त्यासाठी कशी तयारी करावी

महाबळेश्वरला जाण्याचे ठरले की बहुतेक घरांत आधी सुट्ट्या पाहिल्या जातात, मग खोलीचे भाडे, आणि हवामानाचा विचार निघतो तो बॅग भरताना, एखादा स्वेटर आत टाकावा की नाही या प्रश्नापुरता. या गावाच्या बाबतीत हा क्रम बदलायला हवा. ज्या आर्थर सीटवरून नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी सावित्रीचे खोरे आणि त्यापलीकडच्या कोकणातल्या डोंगररांगा एकामागून एक मोजता येतात, तिथेच जुलैमध्ये दोन हातांवरचा कठडा दिसत नाही. म्हणून महिना ठरवण्याआधी आपल्याला तिथे काय हवे आहे, दूरवरची दृश्ये, पाऊस, फुले, स्ट्रॉबेरी की उन्हाळ्यातून थोडी सुटका, हे घरात बसून स्पष्ट करून घ्यावे आणि त्या त्या महिन्याचे हवामान समजून घेऊनच निघावे.

कड्यावरचे गाव आणि त्याचा पाऊस

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथला सर्वांत उंच विल्सन पॉइंट १४३९ मीटरवर. गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली पोलादपूरकडचे कोकण सुरू होते. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळतात, नाइलाजाने वर चढतात, चढताना थंड होतात आणि जवळचे पाणी इथेच ओतून टाकतात. कडा ओलांडून पूर्वेकडे उतरू लागले की तेच वारे कोरडे होत जातात.

याचा परिणाम आकड्यांत पाहिला तर आश्चर्य वाटते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला साधारण त्याच्या एक तृतीयांश पडतो, आणि पसरणी घाट उतरून वाईला आले की वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत राहतो. पाचगणीची उंची काही फार कमी नाही, तीही १३०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे या भागातला पाऊस उंचीपेक्षा कड्यापासूनच्या अंतरावर अधिक ठरतो. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली तर सहलीचे निम्मे निर्णय सोपे होतात: महाबळेश्वरला दिवसभर पाऊस कोसळत असेल तर गाडी पूर्वेकडे, पाचगणीच्या दिशेने वळवावी, तिथे बऱ्याचदा रिपरिप तरी थांबलेली असते.

याच कारणाने मोबाईलवर सातारा शहराचा अंदाज पाहून निघणे चुकीचे ठरते. भारतीय हवामान विभागाचे केंद्र महाबळेश्वरलाही आहे, तेव्हा तिथल्याच नोंदी पाहाव्यात, आणि विभागाचा इशारा वाचताना ‘सातारा घाटमाथा’ असा वेगळा उल्लेख केलेला असेल तर आपल्याला लागू होणारा मजकूर तोच आहे हे ओळखावे. वाईत कडक ऊन असताना पसरणी घाटाच्या माथ्यावर ढग बसलेला असणे, ही इथे अगदी नेहमीची गोष्ट आहे.

तापमानाचा हिशेब त्या मानाने साधा आहे. हवा दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे पुण्यापेक्षा महाबळेश्वरला साधारण पाच अंश कमी धरावेत. मात्र वारा आणि ओलावा यांमुळे शरीराला जाणवणारी थंडी या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त असू शकते. विरळ हवेमुळे होणारा त्रास एवढ्या उंचीवर होत नाही, त्याची चिंता करू नये. प्रवाशांना, विशेषतः मुलांना, जी मळमळ होते ती घाटातल्या वळणांची असते. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवावी, ती घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी द्यावी आणि वाईत पोटभर जेवून लगेच घाट चढणे टाळावे.

पावसाळा: जून ते सप्टेंबर

या ऋतूबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज याच ऋतूबद्दल आहेत आणि चूक झाली तर तिची किंमतही याच ऋतूत मोठी असते.

मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इथे पोहोचतो. एकट्या जुलैत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे पुण्यात दोन-अडीच वर्षांत मिळून जेवढा पडेल तेवढा इथे एका महिन्यात. ऑगस्टही फारसा मागे नसतो. २०२१ च्या जुलैत २२ ते २३ तारखेच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवसांत पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचा रस्ता दरडींनी आणि खचण्याने बंद पडला आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून फार मोठी जीवितहानी झाली. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ज्या पावसाचे फोटो आपल्याला इतके मोहक वाटतात तो किती बलाढ्य आहे, याची जाणीव ठेवूनच त्याच्याकडे जावे, एवढ्याचसाठी ही आठवण करून द्यावीशी वाटते.

पावसाळ्यात इथे तापमान दिवसा वीस अंशांच्या आसपास आणि रात्री त्याहून दोन-तीन अंश कमी असते. दिवस-रात्रीत फरक फार थोडा. आकडा वाचून थंडी वाटत नाही, पण चोवीस तास ओलावा, वारा आणि न सुकलेले कपडे एकत्र आले की दुसऱ्या दिवशी हाडांत गारठा उतरतो. आपण ज्याला धुके म्हणतो ते बहुतेक वेळा प्रत्यक्ष ढगच असतात. कड्यावरून वर चढलेले ढग गावातून, बाजारातून, खिडकी उघडी राहिली तर खोलीतूनही जातात. पाऊस पडत नसतानाही माणूस पाच मिनिटांत ओला होतो तो यामुळे.

कपड्यांच्या बाबतीत माझा आग्रह असा आहे की जीन्स घरी ठेवावी. एकदा भिजली की ती तीन दिवस सुकत नाही, आणि ओल्या जीन्समध्ये गाडीत बसून राहण्यानेच अनेकांची सहल तापावर संपते. पटकन सुकणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या पँट, पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, रोजच्यासाठी दोन या हिशेबाने मोजे, आणि वरून पँटसह पूर्ण रेनकोट एवढे असावे. छत्री बाजारपेठेत उपयोगी पडते. उघड्या पॉइंटवर वारा ती उलटी करतो आणि ती सावरण्याच्या नादात कड्याजवळ तोल जाण्याचा धोका असतो. पावलांसाठी खाचदार तळव्याचे, पाणी निघून जाईल असे सँडल आणि खोलीत घालायला एक कोरडी चप्पल पुरते. चामड्याचे बूट, पट्टे आणि पाकिटे दोन-तीन दिवसांत बुरशी धरतात. कपड्यांचे जोड वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत बांधावेत, म्हणजे बॅग भिजली तरी आतले सगळे भिजत नाही. औषधे आणि कॅमेरा यांच्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. बूट भिजलेच तर रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलावेत.

खोली ठरवताना विचारायचे प्रश्नही या ऋतूत वेगळे असतात. गरम पाणी सौर बंबावर असेल तर आठवडेच्या आठवडे सूर्य न दिसणाऱ्या गावात ते मिळणार नाही, म्हणून ते गॅसवर किंवा विजेवर मिळते का हे विचारावे. वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो, खोलीच्या भिंतींना ओल येते का, कपडे सुकवायला हीटर किंवा वेगळी जागा आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे. ‘व्हॅली व्ह्यू’साठी जादा पैसे या महिन्यांत अजिबात देऊ नयेत, कारण दरी दिसणार नाही आणि पश्चिमेकडे उघडणाऱ्या खोलीत पावसाचा मारा मात्र सर्वांत जास्त बसेल. पूर्वेकडची किंवा झाडीच्या आडोशाची खोली अधिक कोरडी राहते. इथले जुने रहिवासी पावसाळ्यापूर्वी घराच्या भिंती गवताच्या आडोशांनी झाकून घेत आले आहेत, अलीकडे त्या जागी प्लॅस्टिकचे कापड दिसते. ही रीत पाहिली की कोणत्या बाजूची खोली घ्यावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता रस्त्यांकडे. महाबळेश्वरला येणाऱ्या वाटा प्रामुख्याने तीन. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणी घाटाने पाचगणीमार्गे येणारी पहिली, साताऱ्याहून मेढा आणि केळघर घाटाने येणारी दुसरी, आणि कोकणातून पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाजवळून चढणारी तिसरी. पावसाळ्यात पहिली वाट धरावी. आंबेनळीचा घाट सुंदर आहे यात शंका नाही, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तो नेमका त्याच पावसाच्या तोंडावर असतो ज्याचे वर्णन वर केले, आणि केळघर घाटातही दरडी येतात. कोकणातून यायचे असले तरी वळसा घेऊन पूर्वेकडून यावे, दोन-तीन तास जास्त गेले तरी चालतील.

ढगात गाडी चालवताना दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत ढगावर आदळून परत येतो आणि समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. डावीकडच्या कडेची पांढरी रेघ धरून हळू जावे, घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि चालत्या गाडीत धोक्याचे चारही दिवे लावून ठेवू नयेत, कारण मागच्या चालकाला आपण थांबलो आहोत की चालतो आहोत हे कळत नाही. फोटोसाठी किंवा रस्त्यावर पडणाऱ्या धबधब्याखाली भिजण्यासाठी कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबवू नये. वरून माती मिसळलेले गढूळ पाणी येऊ लागले, लहान दगड घरंगळू लागले, तर तिथून ताबडतोब निघावे, दरड येण्यापूर्वीची खूण अनेकदा एवढीच असते. वेण्णा तलाव भरून वाहू लागला की पाचगणीकडच्या रस्त्यावर तलावाजवळ पाणी येते. वाहत्या पाण्याची खोली आणि खालच्या रस्त्याची अवस्था वरून कळत नाही, म्हणून ते ओसरेपर्यंत थांबणे हाच एक उपाय.

मग या ऋतूत तिथे करायचे काय? पॉइंटची यादी पूर्ण करण्याचा हट्ट सोडला तर पुष्कळ काही आहे. लिंगमळ्याचा धबधबा तेव्हा भरात असतो. तो कठड्याआडून, प्रशासनाने वाट खुली ठेवली असेल तरच पाहावा, आणि प्रवाहात उतरू नये, कारण वरच्या भागात झालेल्या पावसाचा लोंढा खालच्याला सूचना देऊन येत नाही. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात जावे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानलेले पाणी तिथे दगडी गोमुखातून पडते. त्यांतली कृष्णा बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला. छपरावर पावसाचा अखंड आवाज चालू असताना त्या कुंडाजवळ उभे राहिले की हे गाव दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या धारेवर बसले आहे, ही भूगोलाच्या पुस्तकातली ओळ अंगावर येते. पावसाला कंटाळा आला तर पाचगणीजवळच्या भिलारला जावे. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने या स्ट्रॉबेरीच्या गावाला ‘पुस्तकांचे गाव’ केले आणि तिथल्या घराघरांत, देवळांत मराठी पुस्तके वाचायला ठेवली. बाहेर पाऊस आणि हातात पुस्तक यासाठी याहून योग्य जागा मला माहीत नाही.

अगदी लहान बाळ, दम्याचा किंवा सांध्यांचा त्रास असलेली वडीलधारी मंडळी सोबत असतील, किंवा हातात एकच दिवस असेल, तर जुलै-ऑगस्ट टाळावा. जंगलवाटांवर जळवा असतात. त्या ओढून काढू नयेत, मीठ किंवा हळद लावली की सुटतात. बोटिंग जोराच्या पावसात बंद ठेवले जाते आणि काही पॉइंटच्या वाटाही बंद असतात. पहारेकऱ्याशी त्यावरून वाद घालणाऱ्या पर्यटकांना पाहिले की मनापासून वाईट वाटते, कारण तो माणूस आपल्याच जिवासाठी भिजत उभा असतो.

फुलांचे दिवस आणि पावसानंतरचा आश्विन-कार्तिक

सप्टेंबरात पावसाला खंड पडू लागतो. इथल्या जांभ्या दगडाच्या पठारांवर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि त्या थरावर सोनकीचे पिवळे, तेरड्याचे गुलाबी पट्टे उमटतात. साताऱ्याजवळचे कास पठार याच फुलांसाठी प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यात कासही आहे. तिथे प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, आणि बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पावसाच्या ओढीप्रमाणे मागेपुढे होतो, त्यामुळे महिनाभर आधी तारीख पक्की करण्यापेक्षा बहराची बातमी घेऊन चार-पाच दिवस आधी ठरवणे शहाणपणाचे. फुलांत बसून फोटो काढू नयेत. पायाखाली गेलेले रोप त्या वर्षी बी धरत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस असतो आणि त्याची रीत वेगळी: सकाळ लख्ख, दुपारी ढगांची उतरंड, संध्याकाळी गडगडाटासह एक जोरदार सर. त्यामुळे या दिवसांत उघड्यावरचे सगळे कार्यक्रम दुपारी दोनपूर्वी उरकावेत.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा माझ्या मते महाबळेश्वरचा सर्वोत्तम काळ आहे, आणि तो मे किंवा डिसेंबरच्या मानाने दुर्लक्षित राहतो याचे नवल वाटते. चार महिन्यांच्या पावसाने हवा धुऊन निघालेली असते, ओढ्यांना अजून पाणी असते, गवत हिरव्याचे सोनेरी होत असते आणि दृश्यांसाठी लागणारी स्वच्छ नजर या दिवसांइतकी पुन्हा वर्षभर मिळत नाही. दिवसा पातळ सुती कपडे आणि संध्याकाळी एक स्वेटर पुरतो. फक्त दिवाळीचा आठवडा सोडावा. तेव्हा वेण्णा तलावाजवळच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि हवामान कितीही चांगले असले तरी ते गाडीच्या काचेतूनच पाहावे लागते.

पॉइंट पाहण्याच्या वेळा उजेडावर ठरवाव्यात. आर्थर सीट, लॉडविक आणि बॉम्बे पॉइंट पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे दरीतले कडे, घळी, खालची गावे स्पष्ट दिसतात, आणि दुपारनंतर तीच दरी उन्हाच्या चकाकीत पुसट होते. म्हणून आर्थर सीटला सकाळी जावे आणि बॉम्बे पॉइंट सूर्यास्तासाठी ठेवावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास, तेव्हा त्याआधी तासभर पोहोचावे. केट्स पॉइंटवरून पूर्वेकडचे कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या शांत पहाटे या खोऱ्यात खाली धुके साचते आणि आपण त्याच्या वर उभे असतो.

हिवाळा: डिसेंबर ते फेब्रुवारी

थंडीच्या बातम्या वाचून लोक बर्फ पाहायला येतात, म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवे: महाबळेश्वरला हिमवर्षाव होत नाही. काही वर्षी, थंडीची लाट आलेली असताना, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात गवतावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पडलेले दव गोठते आणि पांढरा थर दिसतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता भराभर सोडते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन उतारावरून खोलगट भागात वाहत जाते आणि तलावाभोवती साचते. त्यामुळे तलावाजवळ पारा शून्याकडे झुकलेला असताना वरच्या बाजारपेठेत तो काही अंशांनी जास्त असतो. हे पाहायचे असेल तर आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला आहे अशी रात्र ओळखावी आणि सूर्योदयापूर्वी तिथे पोहोचावे. ऊन लागताच दहा-पंधरा मिनिटांत सगळे विरघळते. ढगाळ रात्री उठण्याचे कष्ट घेऊ नयेत.

एरवी या महिन्यांत दिवसाचे तापमान चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत आणि रात्रीचे बारा-चौदा अंशांपर्यंत असते, लाटेत ते एक आकडी होते. दुपार आणि पहाट यांत एवढा फरक असल्याने एकच जाड कोट आणण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर आणावेत. कानटोपी आणि हातमोजे पहाटेच्या पॉइंटसाठीच लागतात, पण तेव्हा ते नसतील तर दुसरे काही सुचत नाही. ओठ आणि टाचा फुटतात, साधे व्हॅसलीन जवळ असावे. जुन्या बंगल्यांत खोल्यांची छते उंच असतात आणि त्या रात्री फार गार पडतात, म्हणून जादा रजई संध्याकाळीच मागून घ्यावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये. तिचा वायू गंधहीन असतो आणि झोपेतच जीव घेतो.

हाच स्ट्रॉबेरीचा हंगाम. रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर लावली जातात, नोव्हेंबरअखेर पहिली फळे दिसू लागतात आणि जानेवारी ते मार्च हा ऐन भर असतो. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. दिवसा ऊन आणि रात्री गारवा या फळाला मानवतो, त्यामुळे निरभ्र आठवड्यानंतर तोडलेले फळ सर्वांत गोड लागते. अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर फळ पाणचट होते आणि लवकर सडते, हे लक्षात ठेवून तेव्हा खरेदी कमी करावी. शक्यतो सकाळी तोडलेले, देठाशीही लाल असलेले फळ घ्यावे, पेटीचा वरचा थर पाहून समाधान न मानता खालचा थरही पाहावा, न धुता नेऊन खाण्यापूर्वी धुवावे, आणि उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवू नये. अवकाळी पावसाने किंवा गोठलेल्या दवाने एका रात्रीत वाफाच्या वाफा वाया जातो, तेव्हा शेतकऱ्याशी भावावरून घासाघीस करताना हे त्याचे वर्षाचे उत्पन्न आहे, याचा विचार व्हावा असे मनापासून वाटते.

उन्हाळा: मार्च ते मे

उन्हाळ्यात दुपारी तीस-बत्तीस अंशांपर्यंत तापमान जाते आणि क्वचित त्याहून वर. खालच्या मैदानी भागातून आलेल्याला हे सुसह्य वाटते, पण इथले ऊन थेट लागते आणि वारा असल्याने त्वचा भाजत असल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि भरपूर पाणी घेऊन फिरावे, अकरा ते चार सावलीत काढावे. रात्री वीस अंशांच्या आसपास असल्याने पातळ शाल पुरते. हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असल्यामुळे दरी धूसर असते, पॉइंट पहाटेच पाहावेत. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरचे गवत वाळून काडी झालेले असते. जळती विडी-सिगारेट टाकणे किंवा रानात चूल मांडणे या दिवसांत गुन्ह्याइतकेच वाईट आहे.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, कधी गारांसह. दुपारी पूर्वेकडे फुलकोबीसारखे ढग चढू लागले आणि गडगडाट ऐकू आला की पाचगणीच्या टेबललँडसारख्या उघड्या पठारावरून लगेच खाली उतरावे, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी कठड्याला टेकून थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीत किंवा पक्क्या इमारतीत काढावा. जांभळे, करवंदे आणि तुती हा या महिन्यांचा मेवा, तो बाजारात पानांच्या द्रोणांत मिळतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात कोकणातून पहिले ढग संध्याकाळी कड्यावरून वर येऊ लागतात. सुट्टीची गर्दीही तेव्हा थोडी ओसरलेली असते, आणि उन्हाळ्यातच जायचे असेल तर हे शेवटचे सात-आठ दिवस निवडावेत.

निघण्याचा दिवस

परतीची वेळही हवामान पाहूनच ठरवावी. पावसाळ्यात दुपारी एक-दोनपर्यंत निघावे, म्हणजे पसरणी घाट उजेडी उतरून होतो. ढग फारच दाट असेल तर पाचगणीत चहाला थांबावे, तासाभरात बऱ्याचदा तो विरळ होतो. उन्हाळ्यात आणि सुट्टीच्या दिवसांत दुपारऐवजी सकाळी लवकर निघावे, कारण लांबच लांब रांगेत घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहून ते तापतात. ब्रेकचा वास आला तर सुरक्षित वळणावर गाडी वीस मिनिटे उभी करून ते गार होऊ द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये. हिवाळ्यात पहाटे निघणार असाल तर काचेवरचे दव आधी पूर्ण पुसून घ्यावे आणि स्वेटर मागच्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा, तो वाई येईपर्यंत लागतो.